कुप्पळीचे घर आणि भोवतीचे रान

शिवमोग्ग्याहून तीर्थहळ्ळीकडे निघालेला रस्ता गाजनूरच्या धरणापाशी तुंगा नदीला गाठतो आणि पुढे तिला फार वेळ नजरेआड होऊ देत नाही. साठेक किलोमीटरची ही वाट घाईने उरकण्यासारखी नाही. सक्रेबैलूला वनखात्याच्या छावणीतले हत्ती सकाळी नदीत उतरतात आणि माहूत त्यांना निवांत घासूनपुसून काढतात. मंडगद्द्याला नदीच्या पात्रातच झाडीने भरलेले एक बेट आहे. पावसाळ्यात तिथे बगळे, पाणकावळे आणि तिरंदाज घरटी करतात.

कन्नड शाळेत शिकलेला माणूस मात्र या वाटेला लागतो तो बहुधा एका घरासाठी. कुप्पळी वेंकटप्पा पुट्टप्पा, म्हणजेच कुवेंपू, ज्या घरात वाढले ते घर तीर्थहळ्ळीच्या पुढे, कोप्प्याच्या रस्त्यावरून आत वळल्यावर, कुप्पळी नावाच्या वाडीवजा खेड्यात आहे. कर्नाटकाचे राज्यगीत कुवेंपूंचे. कन्नडला पहिले ज्ञानपीठ मिळाले तेही त्यांच्यामुळे; १९६७ चा तो पुरस्कार त्यांना आणि गुजराती कवी उमाशंकर जोशी यांना विभागून मिळाला. मराठी वाचकाला द. रा. बेंद्रे जवळचे वाटतात, कारण धारवाडच्या त्या कन्नड कवीची घरची भाषा मराठी होती. कुवेंपू त्या मानाने आपल्याकडे नावापुरतेच पोहोचले. त्यांच्या कादंबऱ्यांतला मुलूख तर सह्याद्रीचाच, फक्त आपल्या नकाशाच्या थोडा खालचा.

या मुलखाला मलनाड म्हणतात. कोकणातून आलेल्या माणसाला इथे पहिल्यांदा सगळे ओळखीचेच वाटते: कौलारू घरे, सुपारीवर चढलेले मिरवेल, फणस, लाल माती. मग हळूहळू फरक दिसू लागतात. समुद्र नाही, त्यामुळे खाऱ्या वाऱ्याचा वास नाही. गावे सलग नसतात. एक घर या दरीत, दुसरे टेकडीपलीकडे. खोलगट पाणथळ जमिनीत भात, त्याच्या कडेला सुपारीची चिंचोळी बाग आणि वर रान, अशी तीन पायऱ्यांची मांडणी जिकडेतिकडे आहे. हे रान बागेच्या हिशेबात धरलेले असते. त्यातला पाला तोडून गोठ्यात अंथरायचा आणि शेणामुतात कुजला की सुपारीच्या मुळाशी घालायचा, ही इथली जुनी रीत. बागायतदाराला पाल्यासाठी रान राखून देण्याची पद्धत त्यातूनच रूढ झाली.

पाऊस ओसरल्यावर इथे आले तर सुपारीची लगबग पाहायला मिळते. कोकणात सुपारी झाडावर पिकू देतात आणि सालासकट वाळवतात. मलनाडात ती हिरवी, अर्धवट तयार असतानाच उतरवतात, सोलतात आणि मोठ्या हंड्यांत उकळतात. उकळून उरलेल्या तांबड्या काढ्याला ‘चोगरू’ म्हणतात. तो आटवून ठेवायचा आणि त्याचाच रंग पुढच्या सुपारीला चढवायचा. या लाल सुपारीला उत्तरेतल्या पानमसाल्याच्या कारखान्यांकडून मागणी असते, त्यामुळे गुटख्यावर कुठे बंदी आली की तीर्थहळ्ळीच्या अंगणात वाळत पडलेल्या सुपारीचा भाव हलतो. बागायतदारांची ‘मॅमकोस’ ही सहकारी संस्था १९३९ पासून शिवमोग्ग्यात आहे. पावसाळ्यातला शत्रू कोकणातलाच, कोळेरोग. त्यासाठी मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण फवारायला माणसे सरळसोट झाडांवर चढतात, तेही पावसाने उघडीप दिली तेवढ्या वेळात. उघडीप किती मिळणार, हा इथे कायमचा प्रश्न. याच तालुक्यातल्या आगुंब्याला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो.

तीर्थहळ्ळी हे तुंगेच्या काठचे लहानसे तालुक्याचे गाव. मातेच्या वधानंतर परशुरामाच्या परशूवरचा रक्ताचा डाग इथल्या पाण्यात धुतला गेला, अशी कथा आहे. चिपळूणच्या परशुरामाला नवस बोलणाऱ्या माणसाला तो देव इथे भेटेल असे वाटत नाही. पण घाटाच्या वरखाली त्याच्या कथा पसरलेल्याच आहेत. वेळा अमावस्येला नदीवर मोठी जत्रा भरते. एरवी बाजारपेठ, बस स्थानक, सुपारीच्या वखारी, असे चारचौघांसारखे हे गाव.

पण या तालुक्याची साहित्यातली हजेरी चक्रावून टाकणारी आहे. कन्नडला मिळालेल्या ज्ञानपीठांपैकी दोन या एकाच तालुक्यातली: कुवेंपूंचे आणि १९९४ चे यू. आर. अनंतमूर्तींचे. अनंतमूर्ती जवळच्या मेळिगे गावचे. बालविधवेची गोष्ट सांगणारी ‘फणियम्मा’ लिहिणाऱ्या एम. के. इंदिरा तीर्थहळ्ळीच्या. अनंतमूर्तींच्या कथेवरून १९७७ मध्ये ‘घटश्राद्ध’ हा चित्रपट काढणारे गिरीश कासरवळ्ळी याच तालुक्यातल्या केसलूरचे. एवढे लेखक एका जागी का निघावेत याला पावसाळ्याची लांबी हे उत्तर कोणी देईल, पण ते पुरे पडत नाही. जमीन आणि जात हे दोन विषय इथे सतत धगधगत होते, हे कारण जास्त पटते. अनंतमूर्तींचा ‘संस्कार’ अग्रहारातल्या ब्राह्मणांना आतून तपासतो. कुवेंपूंच्या कादंबऱ्या गौडांच्या, म्हणजे शेतकरी जमीनदारांच्या, वाड्यांतून निघतात आणि थेट कुळांच्या झोपड्यांपर्यंत जातात.

शिवमोग्गा जिल्ह्यातल्याच सागर तालुक्यात कागोडू इथे १९५१ साली कुळांचा सत्याग्रह झाला. ठिणगी पडली ती खंडाचे भात मोजायच्या मापावरून: जमीनदाराचे माप मोठे, देणाऱ्याला ते मान्य नव्हते. राममनोहर लोहिया तिथे आले आणि त्यांना अटक झाली. त्या लढ्यातले समाजवादी नेते शांतवेरी गोपाल गौडा तीर्थहळ्ळी तालुक्यातलेच, आणि अनंतमूर्तींच्या ‘अवस्थे’ या कादंबरीचा नायक त्यांच्यावरूनच बेतलेला. देवराज अर्स यांच्या सरकारने १९७४ मध्ये कूळवहिवाट संपवणारी दुरुस्ती केली तेव्हा मलनाडातल्या मोठ्या घरांच्या खालची जमीनच सरकली. कुप्पळीचा वाडा पाहायला जाण्याआधी हे ठाऊक असलेले बरे.

तीर्थहळ्ळीहून एक फाटा कवलेदुर्गाकडे जातो. केळदीच्या नायकांचा हा डोंगरी किल्ला. तीन तटांच्या आत तळी, देवळे आणि राजवाड्याची जोती रानाने अर्धीअधिक गिळलेली. मराठी माणसाने इथे थांबावे अशी एक गोष्ट आहे. १६८९ मध्ये छत्रपती राजाराम महाराज पन्हाळ्याहून जिंजीकडे निघाले तेव्हा मोगल पाठलागावर होते. केळदीची राणी चेन्नम्मा हिने आपल्या बिदनूरच्या राज्यातून त्यांना आसरा दिला आणि पुढे काढून दिले. औरंगजेबाने त्याबद्दल तिच्यावर फौज पाठवली. आपल्या शाळेच्या पुस्तकात जिंजीचा प्रवास एका वाक्यात संपतो. हे डोंगर, ही चिखलाची वाट आणि पाठलागावरची मोगल फौज डोळ्यांसमोर आणली की ते वाक्य फारच आखूड वाटते.

कुप्पळीचा रस्ता दक्षिणेकडे निघतो. झाडी दाटते, मोबाइलची रेंज जाते-येते. मग एका वळणावर उताराच्या पायथ्याशी कौलांचा मोठा पसारा दिसतो. पुढे हिरवळ, मागे लगेच चढण आणि रान.

कुवेंपूंचा जन्म या घरातला नाही. २९ डिसेंबर १९०४ रोजी ते जन्मले ते आईच्या माहेरी, हिरेकोडिगे इथे. बाळंतपण माहेरी, वाढणे सासरी, ही रीत मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. वडील वेंकटप्पा गौडा, आई सीतम्मा. मुलाची पहिली अक्षरे घरीच गिरवली गेली. त्यासाठी घाटाखालच्या दक्षिण कन्नड जिल्ह्यातून एक मास्तर आणून ठेवले होते. मग तीर्थहळ्ळीची शाळा. मुलगा बारा वर्षांचा असताना वडील गेले. पुढे तो म्हैसूरला शिकायला गेला आणि जन्मभर तिथलाच झाला: महाराजा कॉलेजात कन्नडचा अध्यापक, मग प्राचार्य आणि १९५६ पासून म्हैसूर विद्यापीठाचा कुलगुरू. मानसगंगोत्री हा विद्यापीठाचा परिसर त्यांच्याच कारकिर्दीतला. थोडक्यात, कुप्पळीला कुवेंपू राहिले ते बालपणी आणि नंतर सुट्टीत. सत्तर वर्षांच्या लेखनाला पुरेल इतके मात्र त्यांनी तेवढ्यात गोळा केले होते.

घर तिमजली आहे. चौसोपी वाड्याच्या धाटणीचे, मधे उघडे अंगण, चारी बाजूंनी सोपे आणि जाड लाकडी खांब. काळाच्या ओघात ते मोडकळीला आले होते. १९९२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रकवी कुवेंपू प्रतिष्ठानाने ते मूळच्या रूपात पुन्हा उभे केले. आता त्याला ‘कविमने’, म्हणजे कवीचे घर, म्हणतात. आत स्वयंपाकघरातली अवाढव्य भांडी, लोणच्याच्या बरण्या, शेतीची अवजारे, कवीच्या वापरातल्या वस्तू, छायाचित्रे, पुस्तकांच्या पहिल्या आवृत्त्या असा ऐवज मांडला आहे. नोव्हेंबर २०१५ मध्ये इथे चोरी झाली आणि पद्म पुरस्काराची पदके गेली, तेव्हा कर्नाटकभर हळहळ झाली होती.

खरे सांगायचे तर काचेच्या कपाटांतल्या वस्तू कोणत्याही स्मारकात असतात तशाच आहेत. थांबावे ते अंगणाच्या कडेला. घर एका कुटुंबाला लागते त्याच्या कितीतरी पट मोठे का बांधले, हे तिथे कळू लागते. एकत्र कुटुंब हे झालेच. पण गौडाच्या घराला सुपारी सोलायला, भात मळायला, गुरे सांभाळायला, शिकारीला हाका घालायला माणसे लागत. घाटाखालून आलेले मजूर, पिढ्यान् पिढ्या बांधलेले दलित कामकरी, ताडी काढणारे, कुळे, फिरते व्यापारी, असे सगळे या अंगणाशी येऊन थांबत, आणि कोण कुठल्या पायरीपर्यंत येईल हे ठरलेले असे. पाहुण्याला आज सगळ्या खोल्यांतून मोकळे फिरता येते. शंभर वर्षांपूर्वी या घरात येणाऱ्या बहुतेकांना ते जमले नसते.

मुलाने ते पाहिले आणि विसरला नाही. १९३६ च्या ‘कानूरु हेग्गडिती’ या कादंबरीत असेच एक गौडाचे घर आहे. म्हाताऱ्या चंद्रय्य गौडाची तिसरी बायको सुब्बम्मा, म्हैसूरला शिकून आलेला पुतण्या हूवय्या, भानामती-भूतबाधांची भीती, पैशाची हाव आणि शेवटी घराची वाटणी. गिरीश कार्नाडांनी १९९९ मध्ये तिच्यावर चित्रपट काढला. तीस वर्षांनी आलेली ‘मलेगळल्ली मदुमगळु’ याहून धाडसी आहे. तिचा काळ विवेकानंद शिकागोला बोलले त्या सुमाराचा. तिला नायक नाही. पहिली पावले पडतात ती गुत्ती नावाच्या दलित मजुराची आणि हुलिया नावाच्या त्याच्या कुत्र्याची, आणि कुत्र्यालाही कादंबरीत माणसाइतकीच जागा मिळते. म्हैसूरच्या रंगायण संस्थेने तिचे नाटक केले तेव्हा ते रात्रभर चालले. नऊ तास उघड्यावर बसून लोकांनी पाहिले. जमीनदाराच्या मुलाने जमीनदाराच्या ओटीवरून गोष्ट सांगायचे नाकारले, हे त्याचे मोठेपण आहे असे या अंगणात उभे राहून वाटते.

हे लिहिणारा माणूस सुरुवातीला इंग्रजीत कविता करत होता, हे सांगितले तर पाहुणे हसतात. ‘बिगिनर्स म्यूज’ हा त्याचा इंग्रजी संग्रह १९२२ मध्ये निघाला. दोन वर्षांनी आयरिश कवी जेम्स कझिन्स म्हैसूरला आले असता पुट्टप्पाने त्यांना आपल्या कविता दाखवल्या. आपल्या भाषेत काय लिहिले आहेस, असे कझिन्सनी विचारले आणि तरुण कवी खट्टू झाला. पण त्यानंतर त्याने कन्नड धरले ते कायमचे. पुढे ‘श्रीरामायण दर्शनम्’ हे महाकाव्य आले. त्यात सीतेबरोबर रामही अग्निप्रवेश करतो. शंबूकाची कथा उलटी फिरवणारे ‘शूद्र तपस्वी’ हे नाटकही याच हातचे. फुल्यांच्या मुलखातल्या वाचकाला कुवेंपूंचा हा धागा चटकन सापडावा.

या सगळ्यात एक गंमत आहे. कुवेंपूंची बहुधा सर्वांत लोकप्रिय कविता चैतन्याला अनिकेत व्हायला सांगते. कुठे मुक्काम करू नकोस, कुठे घर बांधून संपवू नकोस, असा तिचा रोख. तिला चाल लागली आहे, ती समारंभांत गायली जाते, आणि ती गुणगुणत लोक रांगेने येतात ते त्याच कवीचे घर बघायला! कुणाला हा विरोधाभास बोचला तर तो घराच्या मागच्या दाराने सुटतो, कारण तिथून पायवाट चढते ती कविशैलाकडे.

चढ फार नाही. वाटेत कुवेंपूंचे चिरंजीव पूर्णचंद्र तेजस्वी यांचे स्मारक लागते. वडिलांच्या सावलीतून बाहेर पडण्यासाठी तेजस्वी मूडिगेऱ्याला कॉफीची बाग करायला गेले. पक्षी, मासे, कोळी आणि शेतकरी यांच्याबद्दल असे काही लिहिले की आजची कन्नड तरुण पिढी कधी कधी मुलालाच आधी वाचते. २००७ मध्ये ते गेले. रानात शिरणाऱ्याने मात्र कपडे अंगभर घालावेत. गोचिडांतून पसरणारा माकडताप १९५७ मध्ये याच जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा ओळखला गेला, आणि अलीकडे तो सिंधुदुर्गातल्या दोडामार्गापर्यंत आला आहे.

कविशैल म्हणजे टेकडीच्या माथ्यावरचा सपाट कातळ. त्याच्याभोवती चित्रकार के. टी. शिवप्रसाद यांच्या कल्पनेतून प्रचंड शिळा उभ्या-आडव्या रचल्या आहेत. इंग्लंडमधल्या स्टोनहेंजची आठवण होते; ती अनेकांना खटकते, तर काहींना तिथला तोल आवडतो. पावसाने शेवाळल्यावर त्या शिळा उपऱ्या वाटत नाहीत, एवढे नक्की. १९९४ च्या नोव्हेंबरात म्हैसूरला कुवेंपूंचे निधन झाले आणि अंत्यसंस्कार इथे झाला. कातळावर जुनी अक्षरे कोरलेली आहेत: बी. एम. श्री, टी. एस. वेंकण्णय्या आणि कुवेंपू यांच्या सह्या. आधुनिक कन्नड कवितेचा पाया घालणारे बी. एम. श्री, म्हणजे श्रीकंठय्या, आणि ज्यांना ‘श्रीरामायण दर्शनम्’ अर्पण केले ते गुरू वेंकण्णय्या, असे दोघे शिष्याच्या गावी येऊन या खडकावर बसले आणि शाळकरी पोरांसारखी नावे कोरून गेले. स्मारकाच्या सगळ्या आखीव रचनेत ही खोड सगळ्यांत जिवंत वाटते.

पश्चिमेला एकामागे एक डोंगर. त्यांच्या खाली, दिसत नसले तरी, घाट उतरून किनारा. कुवेंपूंच्या निसर्गाला पुस्तकी म्हणणारे समीक्षक होते. त्यांनी या कातळावर एक संध्याकाळ काढली असती तर बहुधा त्यांचा सूर बदलला असता. सूर्योदय, सूर्यास्त आणि पाऊस हे इथे सजावटीचे विषय नाहीत. दिवसभराची कामे त्यांच्यावर ठरतात.

खाली उतरून आल्यावर गावात कन्नड अभ्यासकेंद्र, जन्मशताब्दीचे सभागृह, पुस्तकांचे दुकान अशी प्रतिष्ठानाची वाढलेली गृहस्थी दिसते. २९ डिसेंबरला इथे गर्दी उसळते. कर्नाटक सरकार तो दिवस ‘विश्वमानव दिन’ म्हणून पाळते. कधी कधी एरवीही गाड्या लागलेल्या दिसतात आणि माणसे नेटके कपडे घालून आलेली असतात. ते लग्न असते. कुवेंपूंनी ‘मंत्र मांगल्य’ नावाची विवाहपद्धती घालून दिली: पुरोहित नाही, मुहूर्त नाही, हुंडा नाही, मोजकी माणसे, आणि वधूवरांनी मोठ्याने वाचायच्या प्रतिज्ञा. पहिले असे लग्न त्यांनी १९६६ मध्ये आपल्या मुलाचेच, तेजस्वींचे, लावले. आता राज्यातून कुठूनकुठून जोडपी ते करायला कुप्पळीला येतात. वऱ्हाडातली वयस्क मंडळी अक्षता कुठे आहेत म्हणून इकडेतिकडे पाहतात, तरुण मंडळी फोटो काढतात, अर्ध्या-पाऊण तासात सगळे आटोपते आणि मग दोन्ही घरची माणसे मिळून वाडा बघायला आत शिरतात.